पैसे पाण्यात जाण्याआधी



आमच्या रायपूरमध्ये मरीन ड्राइव्ह आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? हसू नका, खरंच आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला इथे सगळे मरीन ड्राइव्हच म्हणतात. संध्याकाळी गेलात तर चाट मिळेल, आइस्क्रीम मिळेल, फोटो काढायला गर्दी मिळेल. मिळणार नाही तो फक्त समुद्र.

अशा गावात राहून आमच्या दादाला, म्हणजे माझ्या चुलत भावाला, स्कूबा डायव्हिंगचा नाद लागला. झालं काय, की ऑफिसच्या मित्रांबरोबर तो मालवणला गेला, तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली उतरला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. पुढच्या वर्षी रीतसर कोर्स केला. मग दर वर्षी एक सुट्टी समुद्रासाठी ठरलेली.

भाड्याच्या सामानाचा त्याला कंटाळा यायचा. मास्कमध्ये पाणी शिरायचं, सूट ढगळ असायचा. म्हणून तीन वर्षं बोनसचे पैसे साठवून त्याने स्वतःचं सामान घेतलं. रेग्युलेटर ४८,००० रुपयांचा. बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणारं हवेचं जॅकेट, ३८,००० रुपयांचं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर २६,००० रुपयांचा. वेटसूट, मास्क आणि फिन्स मिळून २०,००० रुपये. एकूण झाले १,३२,००० रुपये.

काकूने आकडा ऐकला आणि म्हणाली, "एवढे पैसे पाण्यात घातलेस!"

दादा म्हणाला, "अगं, त्यासाठीच तर घेतलंय."

आम्ही सगळे हसलो. पण सामान खरं खराब झालं ते पाण्यात नाही, विमानतळावर. आजचा लेख त्याबद्दल आहे. तुम्ही डायव्हर नसलात तरी वाचा. तुमच्या घरी कुणाचा कॅमेरा असेल, कुणाचा तबला असेल, कुणाची लग्नाची भारी साडी असेल. विमानाच्या पोटात गेल्यावर या सगळ्यांना नियम एकच.

पट्ट्यावरची बॅग

डिसेंबर २०२३ मध्ये दादा रायपूरहून निघाला. वाटेत एकदा विमान बदलून गोव्यात मोपा विमानतळावर उतरला. तिथून मालवण गाडीने जवळ पडतं. सगळं सामान एकाच ट्रॉली बॅगेत भरलेलं होतं, वजन १४ किलो. त्याला आनंद याचा, की १५ किलोच्या आत बसलं!

पट्ट्यावरून बॅग आली. एक चाक गायब होतं आणि कोपऱ्याला तडा गेला होता. बाहेर टॅक्सीवाला फोनवर फोन करत होता. दादाने मनात म्हटलं, जाऊ दे, बॅगच तर आहे. आणि तो निघाला.

मालवणला खोलीवर बॅग उघडली, तेव्हा कॉम्प्युटरची काच फुटलेली आणि रेग्युलेटरच्या धातूच्या भागावर खोल पोचा पडलेला. रेग्युलेटर टाकीला लावून पाहिला तर हवा येत होती. दादा म्हणाला, चालतोय की. पण तिथल्या प्रशिक्षकाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "वर चालतोय. १५ मीटर खाली हवा अडली तर कुणाकडे तक्रार करशील?"

हे वाक्य दादा अजून विसरलेला नाही. मलाही ते महत्त्वाचं वाटतं, कारण आपण अशा वेळी फक्त पैशांचा विचार करतो. टाकीत हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दाब १० बारच्या आसपास उतरवतो आणि तोंडात धरायचा दुसरा टप्पा ती हवा श्वास घेण्याजोगी करतो. त्याच पहिल्या टप्प्याला मार बसला होता. हरवलेली बॅग निदान हरवली हे कळतं. आपटलेली बॅग मात्र बाहेरून धड दिसते आणि आतला दोष झाकून ठेवते. म्हणून नियम सोपा आहे: मार बसलेला रेग्युलेटर जाणकार कारागिराने उघडून तपासल्याशिवाय पाण्यात न्यायचा नाही, पैसे मिळोत वा न मिळोत.

दादाने ती सहल भाड्याच्या सामानावर केली. परत आल्यावर रेग्युलेटरच्या दुरुस्तीचे १४,००० झाले. कॉम्प्युटर दुरुस्त होणारा नव्हता, तो नवीन घ्यावा लागला, २६,०००. एकूण ४०,००० रुपये.

विमान कंपनीला त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. पहिला प्रश्न आला, "विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवली होती का?" नव्हती. बऱ्याच ईमेलनंतर बॅगेपोटी २,००० रुपये मिळाले. तिकिटाबरोबर काही रुपयांत घेतलेला विमा होता, त्याचा दावाही फेटाळला गेला. त्या पॉलिसीत बॅग पूर्ण हरवली तरच पैसे मिळणार होते. बॅग तर समोर होती.

कुणी फसवलं असं दादा म्हणत नाही. सगळं लिहिलेलं होतं. त्याने वाचलं नव्हतं, एवढंच.

कंपनी वजन मोजते, किंमत नाही

चेक-इनच्या काट्यावर आपण बॅग ठेवतो तेव्हा आपल्याला वाटतं, आता ही कंपनीची जबाबदारी. जबाबदारी असते, पण तिला मर्यादा असते.

देशातल्या देशात प्रवास करताना चेक-इन सामान हरवलं, खराब झालं किंवा उशिरा आलं, तर विमान कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपये. हे जास्तीत जास्त आहे, सरसकट नाही. काही कंपन्या किलोच्या दराने हिशेब करतात, म्हणजे हातात त्याहून कमी पडतं. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं, की नाजूक, मौल्यवान आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू चेक-इन सामानात ठेवू नका, ठेवल्यास आमची जबाबदारी नाही. दादाचा कॉम्प्युटर तिथेच बाद झाला.

परदेश प्रवासाचा नियम वेगळा आहे. तिथे १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो आणि भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. या करारात भरपाईची मर्यादा एसडीआर नावाच्या एककात मोजतात. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. करारातली सामानाची मर्यादा डिसेंबर २०२४ मध्ये १,२८८ वरून १,५१९ एसडीआर झाली. रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या पुढे जाते, पण तीसुद्धा कमाल मर्यादाच. नुकसान किती झालं ते तुम्हाला बिलांनी दाखवावं लागतं.

या करारात एक सोयही आहे. सामान देताना त्याची जादा किंमत लेखी जाहीर करून त्यासाठी वेगळे पैसे भरले, तर मर्यादा तेवढी वाढते. सगळ्या कंपन्या ही सोय आनंदाने देतात असं नाही. म्हणून काउंटरवर नाही, तिकीट काढण्याआधी विचारा.

आणखी एक गोष्ट. नाजूक सामान म्हणून सांगितलंत की कधी कधी काउंटरवर एका टॅगवर तुमची सही घेतात. त्याला लिमिटेड रिलीज टॅग म्हणतात. सही करण्याआधी वाचा. त्यात बहुधा असं असतं, की सामान आधीच खराब आहे किंवा नीट बांधलेलं नाही, आणि काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. "नाजूक" लिहिलेला स्टिकर म्हणजे संरक्षण असं आपण समजतो, पण या सहीने आपलाच हक्क कमी होऊ शकतो.

विम्याचे तीन कागद, तीन कामं

विमा म्हटलं की आपण एकच गोष्ट समजतो. इथे तीन वेगवेगळे कागद असतात.

पहिला, तिकिटाबरोबर टिक करून मिळणारा विमा. स्वस्त असतो. त्यात सामानासाठी बहुधा चेक-इन बॅग पूर्ण हरवणं किंवा ठरावीक तासांपेक्षा उशिरा येणं एवढंच असतं. आतली वस्तू फुटली तर तो सहसा उपयोगी पडत नाही.

दुसरा, स्वतंत्र प्रवास विमा. यात दवाखाना, फ्लाइट रद्द होणं, सामान असं बरंच काही असतं. पण दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे प्रत्येक वस्तूमागची मर्यादा. बॅगेचा विमा मोठा दिसतो, पण एका वस्तूला त्यातला थोडाच भाग मिळतो. दुसरं म्हणजे साहसी खेळांचं कलम. डायव्हिंग त्यात धरलंय की वगळलंय, आणि किती खोलीपर्यंत धरलंय, हे पाहावंच लागतं.

तिसरा, वस्तूंचा विमा. आपल्याकडे सर्वसाधारण विमा कंपन्या ऑल रिस्क नावाची पॉलिसी देतात. कॅमेरा, वाद्य, लॅपटॉप अशा सोबत नेण्याच्या वस्तूंसाठी ती असते. डायव्हिंगचं सामान त्यात घेतील का, हे कंपनीवर अवलंबून आहे. पण महागड्या किटसाठी आधी विचारायचं ते याच पॉलिसीबद्दल. प्रत्येक वस्तू नावाने, किमतीने आणि सिरीयल नंबरने लिहून घेतली जाते. नावात "सगळे धोके" असलं तरी सगळे नसतात. झीज, गंज आणि आतला बिघाड बहुधा बाहेर असतो.

आणि हो, डायव्हरचा अपघात विमा हा वेगळाच विषय. अमेरिकेत १९८० मध्ये सुरू झालेल्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्था डायव्हिंगमधल्या अपघातांसाठी काम करतात. असा विमा माणसासाठी असतो. तो असला म्हणजे सामानाचाही झाला असं समजू नका. तसंच सामानाचा आहे म्हणून माणसाचा विसरू नका.

एजंटला हे विचारा

आपण एजंटला एकच प्रश्न विचारतो, "हप्ता किती?" त्याऐवजी हे विचारा, आणि उत्तर फोनवर नाही, ईमेलवर घ्या.

१. माझं डायव्हिंगचं सामान पॉलिसीत नावाने लिहिलं जाईल का?

२. ते चेक-इन बॅगेत असताना फुटलं तर पैसे मिळतील का, की फक्त हरवलं तर?

३. पाण्याखाली वापरात असताना नुकसान झालं तर?

४. बोटीतून किंवा उभ्या गाडीतून चोरीला गेलं तर?

५. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळेल की घसारा कापून?

६. प्रत्येक दाव्यात माझ्या खिशातून किती जाणार?

७. पॉलिसी फक्त भारतात चालते की बाहेरही?

आता एक छोटा हिशेब. समजा तुमचं सामान १,२०,००० रुपयांचं आहे. हप्ता वाचवायचा म्हणून तुम्ही विमा ६०,००० चाच काढला. पुढे ४०,००० चं नुकसान झालं. तुम्हाला वाटेल ६०,००० च्या आत आहे, पूर्ण मिळेल. पण पॉलिसीत ॲव्हरेजचं कलम असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच किमतीचा विमा काढलात, तेव्हा निम्मंच नुकसान देऊ. म्हणजे २०,०००. बाकी अर्धे तुमचे. म्हणून किंमत कमी दाखवू नका.

आणि बिल? स्वतःच्या नावाचं हवं. मित्राने परदेशातून आणलं, बिल त्याच्या नावावर, असं असेल तर दावा करताना सिद्ध काय करणार? सेकंडहँड घेतलंत तर विकणाऱ्याकडून तारीख, किंमत आणि सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या. पैसे ऑनलाइन द्या, म्हणजे बँकेत नोंद राहते.

कुठल्या बॅगेत काय

विमा नुकसान भरून देतो, सुट्टी परत देत नाही. म्हणून खरी काळजी सामान भरताना घ्यायची.

जवळच्या बॅगेत: रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर, मास्क, कॅमेरा आणि सगळ्या सुट्या बॅटऱ्या. रेग्युलेटरचा पूर्ण संच साधारण अडीच-तीन किलोचा असतो. देशांतर्गत विमानात जवळ ७ किलो नेता येतं, त्यात हे आरामात बसतं. सुरक्षा तपासणीत नळ्या पाहून बॅग उघडायला सांगू शकतात. घाबरू नका, चिडूही नका. श्वास घेण्याचं उपकरण आहे, आत हवा भरलेली नाही, एवढं शांतपणे सांगा. त्यासाठी दहा मिनिटं लवकर जा.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत, त्या जवळच ठेवाव्या लागतात. मर्यादा १०० वॉट-अवर. बॅटरीवर हा आकडा नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. १०० ते १६० च्या मध्ये असेल तर कंपनीची परवानगी लागते, तीही दोनच बॅटऱ्यांची. डायव्हिंगचे मोठे टॉर्च खूप तापतात. ते चुकून चालू झाले तर आग लागू शकते. म्हणून त्यांची बॅटरी काढून वेगळी ठेवायची आणि कंपनीला आधी सांगायचं.

चेक-इनमध्ये: बीसीडी, वेटसूट, फिन्स, बूट. डायव्हिंगचा चाकू आणि स्क्रू-पाने इथेच, जवळच्या बॅगेत अजिबात नाही. फिन्स बॅगेच्या दोन बाजूंना भिंतीसारख्या उभ्या लावा. खाली वेटसूट पसरा, मध्ये नाजूक वस्तू, वर बीसीडी. बीसीडीत हवा ठासून भरू नका. विमान उंच गेल्यावर आतली हवा फुगते.

घरी किंवा दुकानात: टाकी आणि शिशाची वजनं. ही नेण्यात अर्थ नाही. ॲल्युमिनियमची नेहमीची टाकी रिकामीच १४ किलोच्या आसपास भरते. ती न्यायचीच तर पूर्ण रिकामी आणि झडप उघडी लागते, तरी अनेक कंपन्या नाही म्हणतात. डाइव्ह सेंटरवर दोन्ही वस्तू मिळतात.

बॅग शक्यतो साधी दिसणारी घ्या. बाहेर मोठ्या अक्षरांत डायव्हिंग कंपनीचं नाव म्हणजे आत महाग माल आहे ही जाहिरातच. आत एका कागदावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, बाहेरचा टॅग तुटला तर कामी येतो. आणि निघायच्या सकाळी बॅग उघडी ठेवून सगळ्या सामानाचे फोटो काढा. सिरीयल नंबरचे जवळून. ते स्वतःला ईमेल करा, म्हणजे फोन हरवला तरी पुरावा राहतो.

परदेशात जात असाल तर आणखी एक कागद. महाग सामान जाताना कस्टम्सला दाखवून त्याचा दाखला घ्या. नाहीतर परत येताना "हे बाहेरून विकत आणलं" असं समजून ड्युटीचा प्रश्न निघू शकतो.

टॅगवरची तीन अक्षरं

रायपूरहून समुद्राकडे जाताना बहुतेकदा कुठेतरी विमान बदलावं लागतं. बॅग हरवण्याची शक्यता तिथेच वाढते. म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा आणि दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं असतील तर बहुधा मध्येच बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते.

काउंटरवर टॅग लावला की त्यावरची तीन अक्षरं वाचा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपाचा जीओएक्स. एका अक्षराचा फरक, पण एक दक्षिणेला आणि दुसरा उत्तर टोकाला. अंदमानला जात असाल तर आयएक्सझेड पाहा. शहराचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं तरी विमानतळाचा कोड जुनाच आहे. टॅगची चिकटवलेली पावती फेकू नका, तिचाही फोटो काढा.

बॅग आली नाही, किंवा फुटून आली

हा भाग फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडू नका. टॅक्सीवाला थांबेल. बॅग तिथेच उघडून पाहा. काही फुटलं असेल तर तिथेच फोटो काढा आणि कंपनीच्या सामानाच्या काउंटरवर जा. तिथे पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट, भरून त्याची प्रत आणि नंबर घ्या. "उद्या ईमेल करा" असं सांगितलं तरी रिपोर्ट घेतल्याशिवाय निघू नका. बोर्डिंग पास जपा.

मग त्याच दिवशी ईमेलही करा. परदेश प्रवासात करारानुसार मुदती ठरलेल्या आहेत. सामान खराब झालं असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. उशिरा आलं असेल तर हातात आल्यापासून २१ दिवसांत. बॅग यायच्या दिवसापासून २१ दिवसांतही आली नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. कोर्टात जायची मुदत दोन वर्षं. देशांतर्गत प्रवासातही एवढे दिवस वाट न पाहता लगेच लिहा.

बॅग उशिरा येणार म्हणून सामान भाड्याने घ्यावं लागलं, तर त्याची पक्की पावती घ्या. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. दुरुस्ती आधी करून टाकू नका, त्यांना पाहू द्या.

नाही म्हटलं तर

आपण मध्यमवर्गीय माणसं एका नकाराने थांबतो. थांबू नका, पुढे दारं आहेत.

विमान कंपनी दाद देत नसेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक मोठी सोय झाली आहे, ती म्हणजे तुम्ही राहता तिथेच तक्रार दाखल करू शकता. नुकसान गोव्यात झालं तरी रायपूरचा माणूस रायपुरातच दाद मागू शकतो.

विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही. पण नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५.

परतीच्या आधीचा एक दिवस

शेवटची बुडी मारून थेट विमानतळ गाठायचा नाही, हे डायव्हर लोकांना शिकवलेलं असतं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकच साधी बुडी असेल तर निदान १२ तास, आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर निदान १८ तास थांबायचं. बरेच जण पूर्ण एक दिवस ठेवतात.

हा दिवस सामानाच्याही कामाचा. सगळं गोड्या पाण्यात धुवा. रेग्युलेटर धुताना पहिल्या टप्प्याचं झाकण घट्ट लावा, आत पाणी जाता कामा नये. सावलीत वाळवा. ओला सूट दोन-तीन किलो जास्त भरतो, आणि मग काउंटरवर जादा वजनाचे पैसे जातात.

घरी आल्यावर आमच्यासारख्या समुद्र नसलेल्या गावात सामान अकरा महिने पडून राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत रबर कडक होतं. घरातल्या थंड कपाटात ठेवा आणि पुढच्या सहलीआधी रेग्युलेटरची सर्व्हिसिंग वेळेवर करून घ्या. त्या बिलांची फाइल ठेवा. दावा करताना "सामान नीट राखलेलं होतं" हे त्याच बिलांवरून दिसतं.

दादाची दुसरी सहल

या वर्षी दादा अंदमानला गेला, कोलकात्याला विमान बदलून. आणि मंडळी, त्याची बॅग कोलकात्यालाच राहिली!

पण या वेळी रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्क पाठीवरच्या सॅकमध्ये होते. त्याने काउंटरवर रिपोर्ट भरला, फोटो दाखवले, प्रत घेतली, विमा कंपनीला मेल टाकला आणि मगच बाहेर पडला. पाऊण तास गेला. स्वराज द्वीपला बीसीडी, सूट आणि फिन्स एका दिवसासाठी भाड्याने घेतले आणि पावती खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी बॅग आली, धड होती. भाड्याचे पैसे विम्यातून महिन्याभराने मिळाले. रक्कम फार नव्हती, पण दादाने ती काकूला दाखवली.

काकूला डायव्हिंग अजून पटलेलं नाही. पण जायच्या आदल्या रात्री फोटो काढताना टॉर्च तिनेच धरला होता, आणि बिलांची फाइल आता तिच्या कपाटात असते, घराच्या कागदांशेजारी.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जिच्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं पैसे साठवले आहेत. पुढच्या प्रवासाआधी आज रात्री दहा मिनिटं काढा. बिल शोधा, नंबर लिहा, फोटो काढा आणि पॉलिसी असेल तर ती एकदा शेवटपर्यंत वाचा.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत प्रवास सुखाचा होवो, आणि बॅग तुमच्याबरोबरच पोहोचो!